आकडा भरला, व्याधी राहिली

सातारा व सांगली जिल्ह्यांत चिकित्सा करणाऱ्या आपणा सर्वांच्या अनुभवास येणारी एक गोष्ट आहे. मुलाचे सांधे सुजतात, सकाळी उठताना ते लंगडते, वारंवार ज्वर येतो, अशी तक्रार घेऊन येणारे पालक आता रिकाम्या हाताने येत नाहीत. त्यांच्या हाती प्रयोगशाळेचा अहवाल असतो आणि त्यातील एका ओळीखाली शाईने रेघ ओढलेली असते. ती ओळ बहुधा जीवनसत्त्व ड ची असते. ‘डॉक्टर, हिचे डी फार कमी आहे, तेवढे भरून द्या,’ असे सांगून पालक मोकळे होतात, आणि पुष्कळदा आपणही तेवढ्यावर समाधान मानतो.

प्रस्तुत लेखात या समाधानाविषयीच लिहावयाचे आहे. बालकांच्या दीर्घकालीन शोथव्याधींत रक्तातील जीवनसत्त्वाचा आकडा घटलेला आढळतो, हे खरे. ती उणीव भरून काढली पाहिजे, हेही खरे. परंतु उणीव भरणे म्हणजे शोथव्याधीची चिकित्सा करणे नव्हे. या दोहोंची गल्लत झाल्यास बालकाचे कधीही भरून न येणारे नुकसान होऊ शकते, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्ही ग्रंथ वाचून बनविलेले नाही. ते आमच्याच एका चुकीतून बनले आहे.

जत भागातील सहा वर्षांची एक मुलगी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. एका गुडघ्यास सूज, सकाळचा ताठरपणा, भूक मंद. मोठ्या शहरातील रुग्णालयात बालसंधिवाताचे निदान होऊन मेथोट्रेक्झेटची साप्ताहिक मात्रा चालू झालेली होती. सोबतच्या अहवालात जीवनसत्त्व ड ९ नॅनोग्रॅम होते. आम्ही आहार सांगितला, दीपन-पाचन व बला तैलाचा अभ्यंग योजला आणि जीवनसत्त्व ड दिले. दोन महिन्यांनी आकडा ३८ झाला. वेदनाही कमी झाली. वडिलांनी विचारले, ‘आता ती आठवड्याची गोळी बंद केली तर चालेल का?’ आम्ही ‘होय’ म्हणालो नाही. परंतु ‘नाही’ असेही ठामपणे म्हणालो नाही. सुधारलेल्या अहवालाकडे पाहून आम्ही केवळ हसलो. त्या हसण्याचा वडिलांनी काय अर्थ घेतला, हे चार महिन्यांनी कळले. गुडघा पुन्हा सुजला होता आणि नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीत एका डोळ्याच्या आत शोथ होऊन बाहुलीची कड मागील भिंगास चिकटलेली आढळली. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, मुलीची तक्रारही नव्हती. उपचारांनी डोळा वाचला. दृष्टी मात्र पूर्ववत झाली नाही. त्या दिवशीही तिचे जीवनसत्त्व ड उत्तमच होते.

व्याधीचे स्वरूप

सोळाव्या वाढदिवसापूर्वी सुरू झालेला, निदान सहा आठवडे टिकलेला आणि ज्याचे अन्य कारण सापडत नाही असा संधिशोथ म्हणजे बालसंधिवात, अशी आधुनिक शास्त्राची व्याख्या आहे. त्याचे अनेक प्रकार आहेत. थोडेच सांधे धरणारा प्रकार लहान मुलींत अधिक आढळतो आणि त्याच प्रकारात डोळ्याच्या आतील शोथाचा, ज्यास नेत्रतज्ज्ञ युव्हायटिस म्हणतात त्याचा, धोका विशेष असतो. हा शोथ बहुधा मूकपणे वाढतो. म्हणूनच अशा मुलांचे डोळे लक्षण असो वा नसो, स्लिट लॅम्प यंत्राने ठरावीक काळाने, अधिक धोका असलेल्या मुलांत साधारणतः दर तीन महिन्यांनी, तपासावे लागतात.

आपण या व्याधीस सरसकट आमवात म्हणतो. माधवकरांनी स्वतंत्र अध्यायात वर्णिलेल्या आमवाताशी त्याचे साम्य आहेच. परंतु प्रौढाच्या आमवातास योजावयाचे लंघन आणि रूक्ष उपक्रम वाढत्या वयाच्या, आधीच कृश झालेल्या बालकास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. बालकांत मृदू उपक्रम योजावेत, ही आपल्या शास्त्राचीच शिकवण आहे. डोळ्यातील मूक शोथ तर दर्शन, स्पर्शन व प्रश्न या आपल्या त्रिविध परीक्षेत सापडत नाही, हे नम्रपणे मान्य केले पाहिजे.

आकडा का घटतो?

जीवनसत्त्व कमी पडले म्हणून शोथ झाला, असा सरळ हिशेब बहुतेकांच्या मनात असतो. उलट दिशेचा विचार क्वचितच होतो. शरीरात शोथ पेटला की रक्तातील अनेक घटकांचे प्रमाण बदलते. जीवनसत्त्व अ यकृतातून रक्तात वाहून नेणारे प्रथिन ज्वरात व शोथात घटते. त्यामुळे यकृतात साठा असूनही रक्तातील आकडा कमी दिसतो. लोहाचा साठा दर्शविणारे फेरिटिन याच्या उलट वाढते आणि पांडू बालकाचाही अहवाल ठीक वाटतो. जीवनसत्त्व ड चा आकडाही तीव्र शोथात, मोठ्या शस्त्रकर्मानंतर खाली येतो, असे दिसून आले आहे. शिवाय आजारी मूल घरात बसते, खेळावयास जात नाही, जेवत नाही. म्हणजे ऊन व अन्न ही दोन्ही द्वारे व्याधीच बंद करते.

याचे एक उत्तम उदाहरण आपल्या देशातच आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांच्या रक्तातील जीवनसत्त्वे मोजली गेली. जीवनसत्त्व ड ची कमतरता १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलांत आढळली. याच सर्वेक्षणात जीवनसत्त्व अ व फेरिटिनचा हिशेब करताना ज्यांच्या रक्तात शोथाची खूण, म्हणजे सी-आर-पी, वाढलेली होती अशा मुलांना वेगळे काढण्यात आले. शोथ असताना मोजलेला आकडा फसवा असतो, हे सर्वेक्षणकर्त्यांनी गृहीतच धरले होते. आपण मात्र सी-आर-पी चढलेली असतानाच काढलेला आकडा प्रमाण मानून निष्कर्ष काढतो.

हा विचार आपणास परका वाटण्याचे कारण नाही. काश्यपसंहितेत फक्क रोगाचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन भेद सांगितले आहेत. फक्काची तुलना आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मुडदूसाशी करून आलो आहोत. परंतु तिसऱ्या भेदाचे मर्म व्यवहारात विसरतो. स्तन्यदोषाने खंगलेले मूल निराळे आणि व्याधीने खंगविलेले मूल निराळे, हे कौमारभृत्याच्या आचार्यांनी ओळखले होते. व्याधिज क्षीणतेत व्याधी हटविल्यावाचून केवळ बृंहण करणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

संशोधन काय सांगते?

जीवनसत्त्व ड चा प्रतिकारसंस्थेशी संबंध आहे, याविषयी दुमत नाही. त्याचे ग्राहक प्रतिकारपेशींवर आढळतात. अमेरिकेत ५० वर्षांवरील पुरुष व ५५ वर्षांवरील स्त्रिया अशा सुमारे २६ हजार व्यक्तींवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज २००० युनिट जीवनसत्त्व ड सुमारे पाच वर्षे घेणाऱ्यांत स्वप्रतिकारजन्य व्याधी नव्याने होण्याचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी आढळले. ही बाब आशादायक आहे. मात्र ती प्रौढांविषयी आहे, आणि व्याधी होण्यापूर्वीच्या प्रतिबंधाविषयी आहे. झालेली व्याधी जीवनसत्त्वाने बरी होते, असा अर्थ त्यातून निघत नाही.

बालकांविषयीचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. १९६७ मध्ये जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी वर्णिलेला, लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना शोथ आणणारा आजार आपणास कोविडच्या काळात परिचित झाला. कारण २०२०-२१ मध्ये कोविडनंतर मुलांत दिसलेला बहुअवयवी शोथ त्याच्याशी मिळताजुळता होता. कावासाकी आजारात पहिल्या दहा दिवसांच्या आत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा धोका पुष्कळ कमी होतो. ज्या मुलांत जीवनसत्त्व ड कमी, त्यांच्यात या उपचारास प्रतिसाद कमी, असे काही निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळले आहे. हे ऐकून ‘म्हणजे आधी डी वाढवा’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो आकडा तीव्र ज्वरात मोजलेला असतो. ज्या मुलाचा शोथ अधिक तीव्र, त्याचा आकडा अधिक खाली आणि त्याचाच प्रतिसादही कमी, असाही त्याचा अर्थ असू शकतो. धूर दाट म्हणून आग मोठी झाली, असे आपण म्हणत नाही. बालसंधिवातातही जीवनसत्त्व ड व व्याधीची तीव्रता यांच्यातील संबंधाविषयी निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

उपचाराशी ज्याचे नाते निश्चित ठाऊक आहे, असे जीवनसत्त्व निराळेच आहे. ते म्हणजे फॉलिक आम्ल. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीनंतर मेथोट्रेक्झेट हा बालसंधिवाताच्या चिकित्सेचा आधार ठरला. हे औषध फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणते. त्यामुळे मळमळ, मुखपाक, यकृतावरील ताण हे उपद्रव होतात आणि ते कमी करण्यासाठी फॉलिक आम्ल सोबत दिले जाते. मुलाने औषध सोडू नये, यासाठी ही साधी गोळी मोलाची ठरते. तिच्याकडे ‘नुसती रक्ताची गोळी’ म्हणून पाहू नये, ही विनंती.

उणीव कशी भरावी?

उणीव भरावयाचीच नाही, असा आमच्या म्हणण्याचा विपर्यास कोणी करू नये. बालसंधिवातात हाडे विरळ होतात. स्टिरॉइड चालू असल्यास अधिकच. त्या अस्थींच्या रक्षणासाठी जीवनसत्त्व ड व कॅल्शियम आवश्यक आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १२ नॅनोग्रॅमखाली कमतरता, १२ ते २० अपुरेपणा व २० च्या वर पुरेसे प्रमाण समजावे. दैनिक गरज पहिल्या वर्षी ४०० युनिट व पुढे ६०० युनिट आहे. या सूचनांच्या २०१७ च्या आवृत्तीच्या लेखनात पुण्याच्या डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा प्रमुख वाटा होता, हे आपल्या भागास भूषणावह आहे.

उन्हाविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. माण, खटाव, आटपाडी, जत येथे उन्हाचा तुटवडा नाही. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडे पावसाळ्याचे चार महिने सूर्य दुर्मीळ. तरीही दुष्काळी पट्ट्यातील मुलांचेही आकडे कमी येतात. मूल दिवसभर शाळेच्या छपराखाली असते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आपल्या सल्ल्यातच आहे. आपण परंपरेने कोवळे ऊन सांगतो. ते सुखद आहे, परंतु त्वचेत जीवनसत्त्व ड तयार करणारे किरण त्या वेळी फार थोडे पोहोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते त्या वेळचे थोडेसे ऊन हातापायांवर घेणे या दृष्टीने अधिक उपयुक्त असते. मात्र येथे सावधगिरी हवी. ल्युपस किंवा त्वचा व मांसपेशींचा शोथ असलेल्या मुलांत उन्हाने व्याधी भडकते. सांधे दुखणाऱ्या प्रत्येक मुलास ‘उन्हात बसव’ सांगण्यापूर्वी निदान झाले आहे काय, हे विचारावे.

आहारात दूध हा सर्वांत सोपा उपाय; पण घरचे दूध डेअरीत घालून मुलास चहा देण्याची रीत आपल्या खेड्यांत आहे, हे आपण जाणतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. डोंगरी तालुक्यांची ही नाचणी पूर्वेकडील मुलांच्या ताटातही आली पाहिजे. तीळही आहेतच.

औषधविक्रेत्यांशी हितगुज

वैद्य, द्रव्य, परिचारक व रुग्ण या चिकित्सेच्या चार पादांपैकी द्रव्याचा सांभाळ आपण करता. म्हणून काही गोष्टी आपल्यापुढे विशेषत्वाने मांडतो.

जीवनसत्त्व ड ची ६०,००० युनिटची पुडी म्हणजे मोठ्या मुलाची १०० दिवसांची गरज. ती आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच द्यावयाची असते. ‘शक्तीची पावडर’ समजून रोज दिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. ओकारी, मलावष्टंभ, अतिमूत्रता सुरू होते आणि वृक्कास इजा पोहोचते. हे जीवनसत्त्व मेदात साठते, त्यामुळे बंद केल्यावरही विषबाधा आठवडेच्या आठवडे रेंगाळते. याहून धोक्याची चूक तान्ह्या मुलांत होते. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात; ५ मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत तब्बल ६०,००० असतात. पहिलीच्या ऐवजी दुसरीतून १ मिलिलिटर पाजल्यास बाळास एका दिवसात १२,००० युनिट, म्हणजे ३० दिवसांची मात्रा मिळते. अशा चुकांतून झालेल्या विषबाधेची वृत्ते आपल्या देशातून प्रसिद्ध झालेली आहेत.

मेथोट्रेक्झेटही आठवड्यातून एकदाच द्यावयाचे असते. ते चुकून रोज दिल्यास मज्जा निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. एकाच घरात दोन साप्ताहिक औषधे आणि एक रोजची गोळी असेल, तेव्हा वाराचे नाव वेष्टनावर मराठीत, ठळक लिहून देणे हे मोठे पुण्यकर्म आहे. अशा मुलास खोकल्या-तापासाठी कोट्रायमोक्साझोल देऊ नये. मेथोट्रेक्झेटसोबत ते मज्जेस घातक ठरते. तसेच सांधेदुखीवर ‘हमखास गुण’ देणारी, नाव-गाव नसलेली पुडी आपल्या फळीवर ठेवू नये. तिच्यात स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते आणि बदनाम होतो तो आयुर्वेद.

आपले कर्तव्य

२०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याच्या फिरत्या पथकांत दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता अशी योजना आहे. म्हणजे अंगणवाडीत व शाळेत लंगडणारे मूल सर्वप्रथम पाहणारा डोळा पुष्कळदा आपल्याच वैद्यबंधू-भगिनींचा असतो. त्या कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत मुडदूस आहे, अ जीवनसत्त्वाची कमतरता आहे. बालसंधिवात मात्र नाही. यादीत जे आहे ते नजरेस पडते. म्हणून सुजलेला सांधा, सहा आठवडे टिकलेला ताठरपणा आणि उतरणारे वजन यांकडे पथकातील वैद्यांनी यादीबाहेर जाऊन पाहावे आणि अशा मुलास विलंब न लावता जिल्हा रुग्णालयाकडे अथवा मिरज-कराडच्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे धाडावे.

आपल्या औषधांविषयीही तीच जागरूकता हवी. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतशोथाचे वृत्त प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप नोंदविला. या वादात कोणाचे खरे, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या मुलाचे यकृत आधीच देखरेखीखाली असते. त्यास आपण गुळवेल, गुग्गुळ वा अन्य कल्प देत असू, तर ते मूळ चिकित्सकास लेखी कळविणे आणि यकृताची तपासणी वेळेवर होते ना, हे पाहणे आपले काम आहे.

मग आयुर्वेदाने करावयाचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या मते करण्यासारखे पुष्कळ आहे. मंदावलेला अग्नी सांभाळणे, भूक व निद्रा पूर्ववत आणणे, स्नेहन व मृदू स्वेदनाने ताठरपणा कमी करणे, आहाराची घडी बसविणे, आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या चिकित्सेत खचलेल्या आईवडिलांना धीर देणे, ही कामे मोठ्या शहरातील तज्ज्ञ दर तीन महिन्यांच्या भेटीत करू शकत नाही. ती आपणच करू शकतो. साताऱ्यातील आपल्या जुन्या संस्थेचे, आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाचे, नावच दोन शास्त्रांना हाताशी धरून उभे आहे. तो समन्वय नावात राहू नये, एवढीच अपेक्षा.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींस आमची विनंती आहे. अहवालातील आकडा जरूर वाचावा, पण त्याआधी सांधा दाबून पाहावा. सी-आर-पी चढलेली असताना काढलेल्या जीवनसत्त्वावरून कार्यकारणाचा निर्णय करू नये. संधिवाताच्या प्रत्येक मुलाच्या पालकास ‘डोळे शेवटचे केव्हा तपासले?’ हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा. आणि ‘ती गोळी बंद करू का?’ असे विचारले गेल्यास त्याच क्षणी, स्वच्छ शब्दांत ‘ज्यांनी सुरू केली त्यांना विचारल्यावाचून नाही’ असे उत्तर द्यावे. पालक आपल्या मौनालाही संमती समजतात. आम्ही हे फार उशिरा शिकलो. त्या मुलीच्या डोळ्याची किंमत देऊन शिकलो. ती किंमत आणखी कोणा बालकास द्यावी लागू नये, यासाठी हा लेखप्रपंच.